नमुन्यातला नंबर

हुमा खालापूरच्या घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहायची. आधी मिक्सरच्या, पाण्याच्या पंपाच्या. या वर्षी आलेलं काम वेगळंच होतं. माणसाच्या वतीने कामं उरकणारे जे एआय एजंट असतात, त्यांना सूचनांची नोंदणी करून देणारं ते साधन होतं. काय घडलं की कोणाच्या फोनवर कळवायचं, एवढं एजंटनं सांगून ठेवायचं. लक्ष ठेवण्याचं काम साधनाचं. ते कसं वापरावं हे हुमानं लिहिलं. वाचणारे मात्र बहुतेक एजंटच.

एका दुपारी तिची आई, कमरजहाँ, स्वयंपाकघरातून फोन घेऊन आली.

"हुमा, वाच गं हे. मला धड दिसत नाय."

मेसेज कर्जतच्या एका खासगी रुग्णालयाचा होता. 'आपल्या रुग्णाची प्रकृती गंभीर आहे. नातेवाइकांनी तातडीने यावे.' नाव कोणाचंच नव्हतं.

दोघींच्या मनात एकच नाव आलं. झैद, हुमाचा धाकटा भाऊ, टेंपो घेऊन सकाळीच कर्जतकडे गेला होता. हुमानं त्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. रुग्णालयाचा नंबर सारखा बिझी.

"उचलत का नाय तो?" अम्मी म्हणाली. ओढणी डोक्यावर घेताना तिला चपला सापडेनात. शेवटी हुमाच्याच चपला घालून ती रिक्षात बसली.

रस्ताभर अम्मी पुटपुटत दुआ मागत होती. हुमा पुन्हा पुन्हा फोन लावत होती आणि मधे मधे तो मेसेज वाचत होती. ती वाक्यं कुठेतरी वाचल्यासारखी वाटत होती. कुठे, ते सुचत नव्हतं.

अर्ध्या वाटेवर झैदचाच फोन आला. "अगं माल उतरवत होतो, फोन केबिनमधे ऱ्हायला. काय झालं? एवढे कॉल?"

अम्मीनं फोन हिसकावून घेतला आणि त्याला शिव्या देता देता रडू लागली. मग रिक्षावाल्याला म्हणाली, "फिरव रं मागं. माझा पोरगा ठीक हाय."

"नको," हुमा ओरडली. "कर्जतलाच घ्या."

तिला आठवलं होतं. ती वाक्यं तिचीच होती. पुस्तिकेत नमुन्याची नोंदणी दाखवताना तिनं ती लिहिली होती, आणि मेसेज खरंच पोचतो का हे पाहायला खाली अम्मीचा नंबर टाकला होता. नंतर तो काढायचा राहून गेला. आता रुग्णालयाच्या एजंटनं तो नमुना नंबरासकट जसाच्या तसा उचलला होता. म्हणजे गंभीर असलेला माणूस खरा होता, आणि त्याच्या घरी काहीच कळलं नव्हतं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "घरच्यांना कळवलंय ना. इथे दिसतंय."

"कोणत्या नंबरवर?"

मुलगी आकडे वाचू लागली. उरलेले हुमानंच म्हणून टाकले. मुलगी तिच्याकडे बघतच राहिली.

रुग्णाचं नाव श्रीपत. कळंबच्या एका रिसॉर्टवर माळी. शिडीवरून पडून डोक्याला मार लागला होता. त्याला आणणारे नाव आणि रिसॉर्ट सांगून निघून गेले, नातेवाइकाच्या नंबरची जागा रिकामी राहिली, आणि ती रुग्णालयाच्या एजंटनं नमुन्यातल्या नंबरनं भरली. मुलीनं रिसॉर्टला फोन केला. तिथला एकजण श्रीपतच्या बायकोला आणायला मोटारसायकलवर निघाला.

डॉक्टर बाहेर आले. "आलं का कोणी? ऑपरेशनला सही लागेल." थोड्या वेळानं पुन्हा आले. हुमाला त्यांच्याकडे बघवेना. ती जिन्यात गेली आणि तिनं पुण्याला हर्षलाला फोन केला. कंपनीत हुमाचं काम तीच बघायची.

"पुस्तिकेतलं नमुन्याचं पान आधी काढ, त्यात अम्मीचा नंबर राहिलाय. आणि त्या नंबरवर आणखी काय काय नोंदलंय ते बघ."

बराच वेळ नुसता कळफलकाचा आवाज येत राहिला. "हुमा, आणखी आहेत गं. एका कारखान्याच्या गॅसगळतीची सूचना. एक शाळेची बस." हर्षलाची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी सगळ्यांना फोन करते. तू ठेव."

हुमा पायरीवरच बसली.

श्रीपतची बायको चंद्रभागा आली तेव्हा तिच्या पायाला शेतातला चिखल होता. तिनं सही केल्यावर श्रीपतला ऑपरेशनसाठी आत नेण्यात आलं. मग हुमानं तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

चंद्रभागा ऐकत राहिली. "म्हंजे माझा मेसेज तुमच्या घरी आला?"

"हो. माझ्यामुळं."

"मी तवा गवत काढत व्हते," ती म्हणाली. "मला कायपण म्हाईत नव्हतं." अम्मी तिच्या शेजारी सरकली, आणि ऑपरेशनच्या खोलीचा दरवाजा उघडेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

श्रीपत वाचला. उजवा हात अजून उचलता येत नाही. ऑपरेशन लवकर झालं असतं तर उचलता आला असता का, हे हुमानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.