मांगचं दार लागू द्या

हवा दिसत नाही असे जे लोक मानतात, त्यांनी आमचे साडभाऊ पाहिलेले नाहीत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत हवेचे मिस्त्री होते. जमिनीखाली माणसे जिथे काम करतात तिथवर चांगली हवा पोचावी म्हणून भिंती बांधायच्या, ताडपत्रीचे पडदे टांगायचे, दारे बसवायची आणि तो भाग खणून संपला की सगळे काढून पुढच्या भागात न्यायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याच सुमारास माझे लग्न झाले. मांडवात जो तो कोणते ऑफिस कुठे जाणार यावर तावातावाने बोलत होता. साडभाऊंनी एवढेच विचारले, "खान इकडंच राह्यली नं? मंग झालं." आणि ते उठून मांडवाची एक कनात वर बांधायला गेले, कारण त्यांच्या मते नवरदेवाकडची हवा कोंडली होती. नवरदेव मीच होतो. घामाने निथळणारा मी त्या क्षणी त्यांचा भक्त झालो, तो आजतागायत.

त्यांच्या सगळ्या तऱ्हांचे मूळ एका नियमात होते. खाणीत हवेच्या वाटेवर दारे जोडीने असतात. एक उघडून आत शिरायचे, ते लावायचे, मगच दुसरे उघडायचे. दोन्ही एकदम उघडली तर हवा जवळच्या वाटेने पळून जाते आणि पुढे काम करणारी माणसे गुदमरतात. खाणीत हा नियम सगळेच पाळत. साडभाऊ तो कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्येही पाळत. पुढचे दार उघडे तर मागचे बंद, मागचे उघडे तर पुढचे बंद. त्यांच्या मुलीला पाहायला लाखनीची मंडळी आली तेव्हा ताई, म्हणजे माझी मेहुणी, मागच्या अंगणात पाणी भरत होत्या. साडभाऊंनी पाहुण्यांना भर मे महिन्याच्या उन्हात ताटकळत ठेवले आणि फटीतून अत्यंत नम्रपणे सांगितले, "दोन मिनिटं थांबा जी. मांगचं दार लागू द्या." मुलाचे वडील टोपीने वारा घेत म्हणाले, "घरात म्हैस बांधली का काय?" तरीही लग्न जमले, यात साडभाऊंपेक्षा मुलीच्या गुणांचा वाटा मोठा. ताईंची मात्र एकच तक्रार होती. उन्हाळ्यात सारी कॉलनी दोन्ही दारे सताड उघडी टाकून वाऱ्यात बसायची आणि यांच्या घरात कॅलेंडरचे पान हलेल तर शपथ. "मले एक डाव दोन्ही दारं उघडी टाकून बसू द्या जी," त्या म्हणायच्या. "बसजो, बसजो," साडभाऊ म्हणायचे, "मी रिटायर झाल्यावर."

भंडाऱ्याला आमच्याकडे आले की चहाच्या आधी ते मागाच्या खोलीत शिरायचे. आमचा धंदा पिढीजात विणकामाचा. एका खोलीत चार हातमाग. मान वर करून ते हवेत तरंगणारे सुताचे तंतू बघत बसायचे. एकदा मला म्हणाले (मीही त्यांचा साडभाऊच), "साडभाऊ, तुमची हवा इथंच गोल फिरून राह्यली. हे लोक दिवसभर शिळी हवा खाऊन राह्यले." मी हसण्यावारी नेले. पुढच्या रविवारी ते छन्नी-हातोडा घेऊनच आले आणि ज्या भिंतीला हात लावायची आमच्या आजोबांचीही छाती झाली नव्हती, तिला छताजवळ हातभर भोक पाडून मोकळे झाले. आमच्या म्हाताऱ्या विणकराचा खोकला त्या हिवाळ्यात निम्म्यावर आला. त्याचे श्रेय काही दिवस मी स्वतःकडे घेतले होते, हे इथे कबूल करून टाकतो.

पण त्यांचा खरा अभिमान बांधण्यात नव्हता, काढण्यात होता. "बांधनारे लय भेटतील. काढनारा पाह्यजे," हे त्यांचे ठाम मत. सगळ्यात आतले आधी काढायचे, मग एकेक करत बाहेर यायचे, चांगली हवा कायम पाठीशी ठेवायची. वाकडा खिळासुद्धा सरळ करून खिशात. आणि दार काढण्यापूर्वी अंधाराकडे तोंड करून तीनदा हाक मारायची, "आत कोनी आहे का?" ही हाक त्यांच्या अंगवळणी इतकी पडली होती की तुमसरच्या स्टँडवर एस्टीतून शेवटी उतरतानाही ते मागे वळून ओरडले. मागच्या सीटवर डुलकी घेणारा कंडक्टर दचकून उठला. "मी आहो नं आत!" तो खाली उतरेपर्यंत साडभाऊ दार धरून उभे राहिले. मी हसून हसून बेजार झालो, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

ते रिटायर झाले त्याच दिवशी खाणीतला एक जुना भाग कायमचा बंद व्हायचा होता. तिथे त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने केलेली सागवानी दारांची जोडी होती. आजवर चार ठिकाणांहून काढून त्यांनीच ती पुढे नेलेली. वेळ नाही, दारे राहू द्या, तोंड विटांनी बुजवा, असे वरून सांगणे आले होते. इकडे कॉलनीच्या मैदानावर शाल, श्रीफळ, साहेब सगळे हजर, सत्कारमूर्ती जमिनीखाली. मला खाणीच्या तोंडाशी पिटाळण्यात आले. तासाभराने साडभाऊ वर आले, नखशिखान्त काळे, आणि मागे ट्रॉलीत दोन्ही दारे. ते दगडावर बसले.

"साडभाऊ," ते मला म्हणाले, "आज दोन्ही दारं एकदम उघडली. पह्यल्यांदा."

"मंग? काय झालं?"

"काहीच नाही झालं जी. तीन डाव हाक देल्ली. आत कोनी नोहतं." एवढे बोलून त्यांनी तोंड फिरवले. त्यांना रडताना मी आधी कधी पाहिले नव्हते.

सत्कार आटोपून आम्ही घरी आलो. ताई सुपात तांदूळ निवडत होत्या. साडभाऊंनी पुढचे दार सताड उघडले, तसेच चालत जाऊन मागचेही उघडले. वारा भसकन घरात शिरला. कॅलेंडर फडफडले, सत्काराचे मानपत्र खाटेखाली गेले. ताई सूप मांडीवर घेऊन डोळे मिटून बसल्या. इतकी वर्षे मागितलेला वारा त्या दोन मिनिटे अंगावर घेत होत्या. साडभाऊ दोन दारांच्या मध्ये उभे होते आणि आपले हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते.

"बस आता पाह्यजे तेवढी," ते म्हणाले. "आता कायले लावू? आत कोनी नाही."

ताईंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिले. सूप बाजूला ठेवले, उठल्या आणि मागच्या दाराला कडी घातली.

"मी आहो नं आत," त्या म्हणाल्या.

खाणीचे क्वार्टर सोडून आता ते दोघे दिघोरीला राहतात. मी गेलो की अजूनही उन्हात दाराबाहेर थांबावे लागते. "दोन मिनिटं जी, मांगचं दार लागू द्या," अशी आतून हाक येते. हल्ली ती हाक ताई मारतात. मी टोपीने वारा घेत उभा राहतो. मला कसलीच घाई नसते.