बाबांची हलगी आणि धूपदानातले निखारे

त्या वर्षी मी इतका थकलो होतो की प्रार्थनेला बसलं की डोळे मिटायचे आणि मिटलेच राहायचे. वाळूजच्या कारखान्यात माझं काम सुट्या भागांची मापं तपासण्याचं. तिथून सुटलं की छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये गायकवृंदाचा सराव. अठरा वर्षं मी तो सांभाळतोय. कोण आलं, कोण नाही, कोणतं गीत किती मिनिटांचं, हे सगळं माझ्या वहीत असतं. देव मात्र त्या वहीत कुठे दिसेनासा झाला होता. हे कुणाला सांगायचीही लाज वाटे.

त्यातच नव्या फादरांनी ठरवलं की मरियामातेच्या जन्माच्या सणाला अर्पणाच्या वेळी पेटी-तबल्याऐवजी टाळ आणि हलगी वाजावी. "आपल्या लोकांचं वाद्य आपल्या वेदीपुढे का नको?" ते म्हणाले. माणूस मनाचा निर्मळ, पण आमच्या घरात त्या वाद्याचा काय इतिहास आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पिशोरजवळच्या आमच्या गावात माझे आजोबा आणि बाबा हलगी वाजवायचे. लग्न असो, यात्रा असो, मयत असो, बोलावणं यायचंच. पण वाजवायचं ते दाराबाहेर उभं राहून. जेवणही बाहेरच, शेवटच्या पंगतीनंतर. बाप्तिस्मा घेतल्यावर बाबांनी हलगी पोत्यात गुंडाळून ठेवली ती कायमची. शहरात येताना ती आमच्याबरोबर आली आणि माळ्यावर गेली.

आईला न विचारता मी ती काढली. चूक तिथेच झाली. वेदीपुढे जायची वस्तू म्हणून तीन वेळा ओल्या फडक्याने पुसली. आई दारातून बघत होती.

"देवाला चालावी म्हून धुतो का रं?" ती म्हणाली. "धुऊन काय जानार हाय त्यातलं? तुझा बाप चाळीस वर्सं लोकाच्या दाराभाईर उभा ऱ्हायला ह्या चामड्यापायी. आता चर्चात आनतो व्हय?"

त्या रविवारी ती मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आली नाही. पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शहात्तर वर्षांची माझी आई ताप असला तरी रविवार चुकवत नसे. मी कॅलेंडरवर तीन फुल्या मारल्या. इकडे काही कुटुंबं म्हणत, "चर्चमध्ये वरात आणता काय?" दोन्ही बाजू मला खऱ्या वाटत आणि दोन्हींचं ओझं माझ्या मानेवर. फादरांना नाही म्हणायचं धैर्य नव्हतं आणि आईची समजूत काढण्याइतकी ताकदही उरली नव्हती. माझ्यामुळे आई म्हातारपणी चर्चला मुकली, हेच दिवसभर डोक्यात फिरे.

सणाच्या सकाळी ती नवं लुगडं नेसली. "दरसाली मरियेला हार घालते, तो चुकवायची न्हाय. पर आवारातल्या गुहेपाशीच घालीन. आत यायची न्हाय." औरंगपुऱ्यातून हार घेतला आणि रिक्षाने आलो. मरियेची मूर्ती असलेल्या त्या दगडी गुहेसमोरच्या बाकावर तिला बसवलं.

मिस्सेपूर्वी पायऱ्यांवर फादरांनी वाद्यांना आशीर्वाद दिला. पवित्र पाणी त्यांनी सढळ हाताने शिंपडलं. हवा आधीच दमट, आठवडाभर ऊन नव्हतं. वाजवणार मीच होतो. हलगीवर काडी मारली तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज. पुन्हा मारली, तेच. मिस्सेला बारा मिनिटं होती. प्रार्थना केली म्हटलं तर खोटं होईल. मी घड्याळ बघत उभा राहिलो.

नळावर एक पासष्टीचा माणूस बाटली भरत होता. सून जवळच्या दवाखान्यात होती आणि तो लासूर स्टेशनकडून आला होता, हे त्याने नंतर सांगितलं. तो जवळ आला.

"साहेब, हिला भिजवलं कुनी?"

"फादरांनी. आशीर्वाद दिला."

"आशीर्वाद चांगलाच हाय. पर आता ऊब द्या तिला."

जाळ कुठून आणणार, असं मी म्हणेपर्यंत त्याची नजर धूपदानाकडे गेली. आत निखारे फुलले होते. फादरांनी काही न विचारता ते स्वतः पुढे धरलं. त्याने हलगी निखाऱ्यांवर कडेकडेने फिरवली, कान लावून नखाने टिचकी मारत राहिला. ऊद आणि तापल्या चामड्याचा वास एकत्र आला. मग एक टिचकी खणखणीत वाजली. बाबांच्या हातातला तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला.

"तुम्हीच वाजवा," मी म्हणालो आणि मात्रा समजावू लागलो.

"मात्रा ऱ्हाऊ द्या. गानं म्हून दावा."

एका ओळीत त्याला गाणं समजलं.

अर्पणाची मिरवणूक आत निघाली, फळं, भाकरी, कणसं घेऊन. तो मात्र उंबऱ्याशी थांबला आणि बाहेर उभा राहूनच वाजवू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. मी आतून 'या' म्हणून खुणावलं, त्याने नकारार्थी मान हलवली. तेव्हा मला त्याच्यामागे आई दिसली. काठी टेकत ती बाकावरून पायऱ्यांपर्यंत आली होती. तिने त्याची बाही धरली. हलगी थांबली, गाणं थांबलं, सगळं चर्च मागे वळलं.

"दादा, आत या. हितं कुनी दाराभाईर उभं ऱ्हात न्हाय."

"माय, पाय चिखलाचे हायत."

"माझेबी हायत. चला."

ती त्याला बाहीला धरून मधल्या वाटेने थेट वेदीपर्यंत घेऊन गेली आणि स्वतः पहिल्या बाकावर बसली. हलगी पुन्हा सुरू झाली. फरशीवर चिखलाच्या पावलांच्या दोन ओळी उमटल्या होत्या. मी गायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिलो आणि बऱ्याच महिन्यांनी मला रडू आलं.

मिस्सेनंतर त्याने हलगी आईच्या हातात दिली, बाटली घेतली आणि सुनेकडे निघून गेला. नाव विचारायचं माझ्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्याकडूनही राहिलं. आता दर रविवारी मी त्याच्या सुनेसाठी प्रार्थना करतो. नाव नसलं तरी पोचत असेल.

घरी आल्यावर आईने हलगी माळ्यावर जाऊ दिली नाही. बाबांच्या फोटोशेजारी खिळा ठोकून घेतला. "ओलं फडकं लावू नको पुन्यांदा," एवढंच म्हणाली.

त्या सणासाठी मी अकरा सराव घेतले होते. त्यातलं काहीच कामी आलं नाही आणि जे हवं होतं ते सगळं झालं. थकवा गेला असं म्हणणार नाही, आजही कारखान्यातून येताना पाय ओढतात. पण चर्चच्या उंबऱ्याशी आता क्षणभर थांबतो. मी बाहेरच उभा होतो, हे मला कळायला इतकी वर्षं लागली. मग आईचं बोलणं आठवतं आणि चिखलाच्या पायांनी तसाच आत जातो. देवा, तुझे आभार.