देवमनची डावी नडगी

राजापेठेत देवमनला चालताना कोणी पाहिलंच नव्हतं. अमरावतीच्या कचेरीत तो शिपाई, पण फाईलसुद्धा धावत पोचवी. सकाळ-संध्याकाळ बडनेऱ्याच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी दौड, आणि डोक्यात एकच खूळ: नागपूरची पाच मैलांची शर्यत. बासष्ट साली डाव्या नडगीनं दगा दिला. सहा महिने प्लास्टर झालं, पण दुखणं हटेना. शेवटी अकोल्याच्या डॉक्टर कमलाकांतांनी एक्सरे उजेडाला धरला, तर हाडावर केसाएवढी काळी चीर.

"तार वाकवून वाकवून तुटते ना, तसं तुझं हाड धावून धावून तडकलंय. चीर खरवडून, भोकं पाडून, कमरेचं हाड तिथं बसवावं लागेल."

माय चतुराबाई उसळली. "पोरगा चालून-फिरून राहिला, अन् हाड तडकलं म्हन्ता? वरून कमरेचं काढून पायाले लावता? चादरीले ठिगळ लावाले म्या कधी धोतर नाही फाडलं!"

"मंग धावता येईन का साहेब?" देवमनला एवढंच हवं होतं.

"असंच ठेवलंस तर मात्र नाही येणार."

देवमन तयार झाला.

ऑपरेशनच्या सकाळी चतुराबाईनं पदराआडून काळा धागा काढला.

"माय, छप्पन साली दीक्षा घेतली तवा काय म्हटलं होतं आपन? धागेदोरे बंद!"

"आपन घेतली ना दीक्षा. नजर लावनाऱ्यायनं कुठी घेतली?"

आणि तिनं धागा उजव्या पायाला बांधला. डावा तर गेलाच, निदान हा तरी वाचावा. विहारात पोरांना धाग्यादोऱ्यांविरुद्ध भाषणं देणाऱ्या देवमननं गुपचूप पायांवर चादर ओढली.

दवाखान्यातले नत्थुजी वस्तरा घेऊन आले. चादर उचलली, धागा दिसला. दुखत्या पायालाच धागा बांधतात, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी उजवा पाय गुळगुळीत भादरला आणि वर आयोडीन फासलं. देवमनपुढं पेच पडला. सांगावं तर बिंग फुटतं, न सांगावं तर धडधाकट पाय जातो. टेबलावर नाकाशी भुलीचं औषध आलं तेव्हा कुठं तो ओरडला, "साहेब, तो नाही! तो मायचा धागा हाय!"

डॉक्टर पोट धरून हसले आणि कात्रीनं पहिला कापला तो धागा.

नडगी वर्षभरात जुळली. शर्यतीच्या सकाळी चतुराबाईनं नवी शिवलेली चड्डी पुढं केली. नाडी जाडजूड, सात पदरी, काळीभोर.

"काळी कावून?"

"पांढरी धुळीनं मयते."

पण तिची नजर नाडीवर नव्हती. कमरेच्या हाड काढलेल्या जागी, त्या वणावर ती खिळली होती. देवमननं नाडीला दुहेरी गाठ मारली.

तो तिसरा आला. विहारात धाग्यादोऱ्यांविरुद्ध त्याची भाषणं पुढंही दणक्यात चालली. नाडीबद्दल तेवढं तो कधी बोलला नाही.