सुकेळीच्या डब्याचं कुलूप

वन्सं गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेली केळी उलटत होते. माझा दीर इस्पितळातून आला, सायकलवरून उतरला आणि पायरीवरच खाली बसला, तेव्हाच कळलं. मनात पहिला विचार आला तो असा, की ही केळी कधी उतरवायची हे आता सांगणार कोण? दुसरा विचार माझ्या कमरेच्या किल्लीचा. रडू त्यानंतर... लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते तसंच.

इंदूवन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला, त्या वसईजवळच्या निर्मळला माहेरी परत आल्या आणि वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी करायचं काम त्यांनी हाती घेतलं, ते शेवटपर्यंत. सोललेलं केळं उन्हात किती दिवस ठेवायचं याचा अंदाज त्यांच्या अंगठ्यात होता. दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "उद्या." मी नवी सून असताना जरा जोरात दाबलं, तर म्हणाल्या, "सुमन, केळं आहे ते, नवऱ्याचे पाय नाय!" हसताना त्यांचे सगळे दात दिसायचे, घट्ट आणि पांढरे.

पन्नाशीत त्यांना मधुमेह निघाला. रोज सकाळी लघवी तपासायचं काम माझ्याकडे आलं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्टोव्हवर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर जपून, विटकरी झालं म्हणजे साखर फार. गोळ्या चालू होत्या, भात बेताचा, चहा बिनसाखरेचा, तरी गेल्या वर्षी नळी रोज विटकरीच व्हायला लागली. घरात त्यांच्या हाताशी गोड होतं ते एकच. मी सुकेळीच्या डब्याला कुलूप लावलं.

"मी नाय खाल्लं, सुमन."

"मग काय नळी खोटं बोलते, वन्सं?"

"तर मग नळीलाच लाव कुलूप."

त्याच सुमारास त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, तोंडाला वास येत होता, पुढचे दात हलत होते. वय झालं, असं म्हणून मी मिठाच्या गुळण्या देत राहिले. शेवटी वसईला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हिरड्यांत पू आहे. हे जंतू आहेत तोवर साखर उतरणं कठीण, आणि साखर आहे तोवर हिरड्या बऱ्या होणं कठीण." मग दात काढून टाका, म्हटलं. तर ते म्हणाले, आधी साखर उतरवून आणा. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, आधी दातांचं बघून घ्या. या दोन दवाखान्यांत दोन महिने गेले. मग गाल सुजला, ताप चढला, आणि इस्पितळात तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दातांच्या डॉक्टरांचं ऐकूनही मी कुलूप काढलं नव्हतं. खरं काय ते कळेपर्यंत राहू दे, म्हटलं.

तेराव्यानंतर त्यांची ट्रंक आवरताना केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेलं एक सुकेळं सापडलं. एक टोक चोखून मऊ झालेलं. दाताची खूण नाही... चावणार कशाने? म्हणजे खात होत्या. पण हे एवढंच, की रोज? दातांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. म्हणाले, "एवढ्याने महिनोन्‌महिने विटकरी? वाटत नाही. पण सांगता येत नाही." सांगता येत नाही, एवढं तर मलाही सांगता येत होतं!

आज दीड महिना झाला. नळी धुऊन फडताळात उपडी ठेवली आहे. वन्संनी उतरवलेल्या शेवटच्या सुकेळ्यांवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा तसाच वाळला आहे. डब्याचं कुलूप मी काढलं, मुलं येता-जाता खातात. किल्ली मात्र अजून कमरेलाच आहे. काढून ठेवायची तर कुठे, ते ठरत नाही.