उंदीर आणि तेलकट

कुबट कागदांचा वास आला की मला कारेगावच्या कारखान्यातली ड्रॉइंग रूम आठवते. जुनी ड्रॉइंगं स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवायचं काम चालू होतं. राहू गावाहून येणारे, ड्रॉइंगं सांभाळणारे एक मामा सांगायचे आणि मी टाइप करायचे. नंबर, तारीख झाली की ‘कीवर्ड’च्या रकान्यात ते कागदाचं रूप लिहायला लावायचे: तेलकट, उंदीर, चहा सांडलेलं. मी हसले की म्हणायचे, “मागाय येणाऱ्याला नंबर कुठं आठवतोय? डाग आठवतो.” एका दुपारी प्रेस मशीन बंद पडलं आणि त्याच्या ड्रॉइंगसाठी फिटर धावतच आला. “नंबर ठावं न्हाई, पर उंदरानं कुरतडल्यालं हाय!” मी ‘उंदीर’ टाकलं, तर पडदाभर ड्रॉइंगं आली, कारण उंदरांनी अख्खं कपाटच कुरतडलं होतं. फिटरनं कपाळावर हात मारला. मामा शांतपणे म्हणाले, “पोरी, जोडीला तेलकट बी टाक की.” एकच ड्रॉइंग उरलं, आणि तेच हवं होतं. आता मामा नाहीत. त्यांचा एक फोटो माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे, आणि त्याच्या कीवर्डमध्ये मी ‘उंदीर, तेलकट’ असंच लिहून ठेवलंय. खरं तर हल्ली नुसतं ‘उंदीर’ टाकलं तरी पडद्यावर एकटे मामाच येतात.