एकशे दहाची बाजू

इलेक्ट्रॉनिक्सचा सहा महिन्यांचा डिप्लोमा मी पहिल्या श्रेणीत पास झालो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते अडाणी माणसाच्या हातून घडलं नसतं. त्याने कुणाला तरी विचारलं असतं.

बाबा कापड मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात मोटारींचं वाइंडिंग करायचे. मिल बंद झाली, भोंगा वाजेनासा झाला, तरी बाबांची दाढीची वेळ काही बदलली नाही. सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून ते ओट्यावर येऊन बसत. आई म्हणायची, "अहो, निदान बनियनवर तरी बसा." ते बसत नसत.

त्याच ओट्यावर एक दिवस बडा गणपती भागातला एक तरुण दुकानदार आला. त्याला व्हिडिओ गेमचं दुकान काढायचं होतं. अमेरिकेतल्या भावाने चार मशीन पाठवली होती आणि त्यांना चालणारा टीव्हीही त्याने मिळवला होता. अडचण विजेची होती. तिकडची वीज एकशे दहा व्होल्टची, आपली दोनशे तीसची.

"काका, सुना है आप मोटर बाँधते हो. ये अमरीका का डब्बा अपने करंट पे चल जाएगा?"

"चल जाएगा. ट्रान्सफॉर्मर बाँधना पड़ेगा."

"तो एक बाँध दो. चल गया तो बाकी तीन भी आपके. और दुकान के बाजू में कोना खाली पड़ा है, अपना वाइंडिंग का काम लेके वहीं बैठ जाना."

बाबा "देखते हैं" एवढंच म्हणाले. संध्याकाळी मात्र त्यांनी आईला विचारलं, बोर्ड रंगवायचा तर मराठीत रंगवावा की हिंदीत.

आठ दिवस घरात वॉर्निशचा वास होता. एका भंगार स्टॅबिलायझरच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर बाबा तांब्याची तार गुंडाळत होते, ओठांनी वेढे मोजत. तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. शेवटी ट्रान्सफॉर्मर एका डब्यात बसवला, बल्ब लावून तपासला आणि दोनशे तीसच्या बाजूच्या वायरींना त्यांनी एक गाठ मारली. ही मिलमधली रीत. तिथे खडूची खूण रुईच्या धुळीत आणि तेलात टिकायची नाही, म्हणून जिकडून वीज घ्यायची त्या बाजूला गाठ. अंधारातही बोटांना कळते.

मला ती गाठ बघवेना. अमेरिकेच्या मशीनला असा सुतळीसारखा गाठाळ डबा? दुपारी बाबा झोपले असताना मी सियागंजच्या बाजारात जाऊन नवी वायर, प्लग आणि चपट्या पिनांचं सॉकेट घेऊन आलो. गाठ सोडली, जुन्या वायरी कापल्या, डबा पुसून काढला. पुसताना तो दोनदा फिरवला आणि मग कुठली बाजू कुठली ते मला आठवेना.

बाबांना उठवून विचारायला हवं होतं. पण डिप्लोमा मध्ये आला. आतून येणाऱ्या तारांपैकी एक जोडी जाड होती, एक बारीक. मी विचार केला, जास्त व्होल्ट म्हणजे जास्त जोर, म्हणजे जाड तार. जाड तारेला प्लग लावला, बारकीला सॉकेट आणि दोन्हींवर स्केचपेनने इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. अक्षर सुंदर आलं होतं.

दुकानात बाबांनी डबा हातात घेतला आणि वायरवरून बोटं फिरवली.

"गाठ कुठंय?"

"प्लग लावलाय ना बाबा. आता गाठीचं काय काम? लिहिलंय वर."

"मग आधी बल्ब लावून बघू."

"घरी तपासलंय की तुम्ही. हे लोक थांबलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत मुलाच्या शिक्षणावर बल्ब लावायचा का, एवढाच विचार त्यांनी केला असावा. प्लग मीच लावला. डबा बैलासारखा घुमला. कमी व्हायची वीज उलट दुपटीवर जाऊन मशीनमध्ये शिरली आणि अमेरिकेच्या डब्यातून धूर आला.

मी तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले. "माझ्याकडून वेढे चुकले."

दुकानदार भला माणूस. आवाज चढवला नाही. "कोई बात नी काका. मिल की चीजें अलग, ये अलग. बाकी तीन का मैं बंबई से रेडीमेड मँगा लूँगा." कोपऱ्याचा विषय त्याने काढला नाही आणि बाबांनीही नाही. उघडलेलं तोंड मी मिटलं. ही माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी, आणि हिला डिप्लोमा लागत नाही.

घरी येऊन बाबांनी डबा उघडला. प्लगची वायर आत कुठल्या तारेला जोडलीय ते बोटांनी चाचपलं, मग झाकण लावून तो माळ्यावर ठेवला.

चार दिवसांनी दुकानदाराचा निरोप आला. मशीन सांभाळायला शिकलेला मुलगा हवा होता, म्हणजे मी. बाबा स्वतःच शिफारस करून गेले, असं निरोप्याने सांगितलं.

बाबा ओट्यावर होते, इस्त्रीच्या शर्टात. मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी वायर..."

"जाड तार कमी व्होल्टची असते," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "तिच्यातून करंट जास्त जातो. एवढं लक्षात ठेव, तिथे लागेल. जा आता, पहिल्या दिवशी उशीर नको."

मी गेलो. वाटेत ठरवलं होतं की दुकानदाराला खरं काय ते सांगायचं. तिथे पोचलो तर बाजूच्या कोपऱ्यात पानवाल्याची टपरी उभी राहत होती. दुकानदाराने मला चाव्या दिल्या आणि मी त्या घेतल्या.