नको म्हटलेली हेडर फाइल

मुकुंद वैरागडे म्हणजे नंदनवन वस्तीतला थंड डोक्याचा माणूस. वय एकोणपन्नास. गावोगावी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करणाऱ्या एका संस्थेत चौदा वर्षांपासून संगणक सांभाळतो. मुकुंदसर नुसते खोलीत आले तरी बंद मशीन चालू होते, असं तिथले लोक म्हणायचे. असल्या कौतुकानं भलाभला माणूस बिघडतो, आणि आपला मुकुंदही थोडा बिघडलाच होता.

मागच्या दिवाळीआधी संस्थेत नवं सर्व्हर आलं. डेटाबेसची हवी ती आवृत्ती त्यावर तयार मिळेना, म्हणून मुकुंद सोर्स कोडवरून, म्हणजे मूळ प्रोग्रामवरून, ती बांधायला बसला. अशी बांधणी करण्याआधी मशीन एकेक हेडर फाइल, म्हणजे जोडायच्या तयार कोडची, लायब्ररीची, ओळख सांगणारी फाइल शोधते. ठरलेल्या फोल्डरात सापडली तर पुढे जाते, नाही तर तिथंच अडून बसते. ती अडली डेटा दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या हेडरवर. आता गंमत पाहा, ती फाइल होती. मुकुंदनं स्वतःच आदल्या दिवशी वेगळ्या फोल्डरात टाकली होती. तिथला पत्ता एका ओळीत लिहून द्यायचा, बस.

पण त्या दिवशी मेहुण्याच्या घरी साखरपुडा होता आणि बायको फोनवर फोन लावून राहिली होती. मशीननंच खाली सुचवलं होतं की ही लायब्ररी नको असेल तर तसं सांगा. यानं सांगून टाकलं, नको. उद्या पाहू म्हणाला आणि जेवायला गेला. तो उद्या काही उगवला नाही.

डेटाबेस झकास चालला. फक्त रोजचा बॅकअप दाबला जाईना, होता तेवढाच मोठा साठू लागला. मशीन लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदींच्या फाइलमध्ये, रोज इशारा लिहायची, पण चालत्या मशीनचा लॉग वाचतो कोण? एप्रिलच्या शेवटी बॅकअपची डिस्क काठोकाठ भरली. तेव्हापासून रोज अर्धवट फाइल पडायची.

फाइल आली की वहीत टिक करायचं काम दीक्षा गजभियेकडे होतं. इंदोऱ्याची पोरगी, सव्वीस वर्षांची, डेटा एंट्रीला कंत्राटावर. आजच्या तारखेची फाइल दिसली की टिक मारायची, असं तिला मुकुंदनंच शिकवलं होतं.

मे महिन्यात सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप उघडला तर शेवटचे एकोणीस दिवस गायब. मौद्याकडच्या चार गावांतल्या तीनशे बारा लोकांचे निकाल त्यात होते. सगळे टॅबवर भरलेले, कागदावर काहीच नाही. आता त्या सगळ्यांच्या बोटाला पुन्हा सुई टोचावी लागणार होती.

संस्थेच्या प्रमुख डॉक्टर कौशल्याताईंनी वही पुढ्यात ओढली. "ही टिक कोणाची?"

"माझी, मॅडम," दीक्षा उभी राहून म्हणाली.

मुकुंद तिच्या शेजारीच बसला होता. लॉग त्यानं सकाळीच वाचला होता, त्यामुळे चूक कोणाची ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी पठ्ठ्या मूग गिळून बसला. ताईंनी दीक्षाकडून माफीनामा लिहून घेतला आणि जूननंतर तिचं कंत्राट वाढवायचं नाही असं ठरलं.

त्यानंतर चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. आपण पोरीच्या पोटावर पाय दिला, हे त्याला सरळ दिसत होतं आणि स्वतःची लाज वाटत होती. पाचव्या दिवशी तो ताईंच्या खोलीत गेला आणि हेडर फाइलपासून सगळं सांगून टाकलं.

ताईंनी चहा मागवला. "अहो मुकुंदराव, टेक्निकल गोष्टीत असं होते. तुम्ही काय मुद्दाम केलं?"

"मग दीक्षाचं?"

"तिची गोष्ट वेगळी आहे. न पाहता टिक मारणं हा निष्काळजीपणा झाला. आणि कंत्राट न वाढवण्याचं पत्र तर तिला कालच गेलं."

त्यानं पुन्हा सांगून पाहिलं, हात जोडले, माझ्या चुकीचं लेखी घ्या म्हणाला. ताईंनी त्याचा कागद घेतला आणि फायलीत लावला. दीक्षाचं पत्र काही मागे घेतलं नाही.

मेच्या शेवटी नवतपा, ते नऊ दिवसांचं कडक ऊन, लागला तेव्हा दीक्षा फेरतपासणीला गावात निघाली. मुकुंद तिच्यासोबत गेला. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात सुया आणि तपासणीच्या पट्ट्या मांडता मांडता तो म्हणाला, "दीक्षा, माझी चूक होती वं. मी तुले तेव्हाच वाचवाले पाहिजे होतं."

"मले माहीत आहे, सर," ती म्हणाली. "लॉग मीनं बी वाचला त्या सकाळी. इशारा दिवाळीपासून होता. मी तं जानेवारीत लागली."

"मग काहून नाई बोलली?"

तिनं पट्ट्यांचं पाकीट फोडलं. "तुमी बाजूलेच बसून होते ना, सर. मले वाटलं, तुमी बोलसान."

पहिला पोरगा आईचा हात धरून समोर आला. मागच्याच महिन्यात टोचलेलं बोट त्यानं मुठीत घट्ट लपवून ठेवलं होतं. मुकुंदला ती मूठ उघडता येईना. शेवटी दीक्षानंच ती उघडली.